आबांची बिनलेबलाची तबकडी

पनवेल,
१२ नोव्हेंबर १९६१

तीर्थरूप दिनाताईस गर्शोमचा सादर शालोम.

तिकडे इस्रायलात, बीरशेबाच्या कोरड्या हवेत तुझे गुडघे सुधारले असतील अशी आशा आहे. इथल्या खाडीच्या दमट हवेत आईचे (आणि आता माझेही) तसेच आहेत.

आबा गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत सापडलेली त्यांच्या गाण्याची तबकडी कोणत्या कंपनीची ते शोध आणि आणखी एक प्रत मिळव, असं तू लिहिलं होतंस. लेबल झुरळांनी केव्हाच खाल्लंय, पण मधल्या गुळगुळीत भागावर भिंग धरलं की कोरलेला नंबर दिसतो. (शेवटचा आकडा सहा की आठ, यात दोन संध्याकाळी गेल्या. अखेर दोन्ही लिहून पाठवले. एकच लिहिणं अप्रामाणिकपणाचं वाटलं.) मुंबईच्या जुन्या रेकॉर्डवाल्याचं उत्तर आलं: सहा असेल तर पोवाडा, आठ असेल तर भजन, गायिका मिस हौसा, साल १९२६. आपल्या तबकडीत 'प्रभो' एवढाच शब्द कळतो, आणि पोवाड्यात तो इतक्यांदा येणार नाही. म्हणजे आठच.

मग घड्याळवाल्या कमळाकरला आपला तो सेकंडहँड ग्रामोफोन दाखवला. त्याने फिरत्या थाळीवर खडूची खूण करून मिनिटाचे फेरे मोजले. अठ्ठ्याहत्तरच्या जागी अठ्ठावन्न! म्हणाला, "मास्तर, हा घेतलात तेव्हापासूनच स्प्रिंग म्हातारी असणार. हिच्यावर कुठलीही बाई बाप्याच्या आवाजात गाईल." आणि नवी स्प्रिंग घातली. (मी नको म्हणालो नाही, हे नोंदवणं भाग आहे.) ताई, तीस वर्षं दर पुण्यतिथीला दिवा लावून, डोक्यावर टोप्या घालून आपण जिच्यापुढे उभे राहिलो, ती जेमतेम सोळाची वाटणारी मुलगी निघाली, तीही सर्दी झालेली.

आई पलंगावरून म्हणाली, "ही कोण रे भवानी? हिला बंद कर आणि यांना लाव."

सगळं समजावून सांगितलं. नंबरही दाखवला. "तुझ्या नंबराला काय ठाऊक? त्यांच्याबरोबर मी नांदले," एवढं बोलून ती भिंतीकडे वळली. तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलते. जुनी स्प्रिंग परत बसवायला गेलो, तर ती भंगारात गेलेली. कमळाकर म्हणाला, "बिघडलेलं मी दुरुस्त करतो, मास्तर. दुरुस्त झालेलं बिघडवायला दुसरा कुणी बघा."

पुढच्या महिन्यात आबांची पुण्यतिथी. आईने दिव्याचं तेल आत्ताच काढून ठेवलंय. मुलांना आशीर्वाद.

तुझा अपराधी भाऊ,
गर्शोम

ता. क. थाळीच्या कडेला बोट टेकवलं की मिस हौसाचा आवाज उतरतो. आई सिनेगॉगात गेली की सराव करतो. बोटाला फोड आलाय.

ता. क. दुसरा. खरं विचारायचं ते हे. आबा गेले तेव्हा मी सात वर्षांचा होतो, तू अठराची. डायरीत 'आबांचा आवाज' म्हणून मी जे जे लिहिलंय ते या तबकडीवरूनच, हे परवा वाचताना कळलं. तबकडी पहिल्यांदा वाजली तेव्हा "हे आबाच" असं तूच म्हणाली होतीस. ओळखून म्हणालीस, की आईच्या तोंडाकडे बघून? याचं उत्तर नको देऊस. आबांचा खरा आवाज तबकडीतल्या त्या जुन्या आवाजाहून वर होता की खाली, एवढंच उलट टपाली कळव. बोट तेवढंच दाबीन. आईला विचारवत नाही.