चेन ढिली हाय

आबा, मी हैदराबाद बघून आले. सायकलवर. तुम्ही असता तर आधी डोळे वटारले असते, मग मिशीतल्या मिशीत हसला असता आणि मग हळूच विचारलं असतं, "सायकलीवरनं कुठं उतरलीस का?" बाकी काही विचारलं नसतं. चारमिनार केवढा आहे, तळ्यात पाणी किती आहे, ह्याच्याशी तुम्हाला काही देणंघेणं नव्हतं, हे मला आता कळतं. तेव्हा वाटायचं, माझ्या बापाला शहर बघायची हौस आहे. जिनिंगमधून आलात की मिशांना कापूस लागलेला असायचा, हातपाय न धुता ओसरीवर टेकायचा आणि म्हणायचा, "एकदा हैदराबादला जायचं अन् दिवसभर सायकलीवर हिंडायचं. तिथं कोन कोनाला वळखत न्हाई. कुठंच उतरायचं न्हाई." आई आतून म्हणायची, "आधी पाय धुवा, मग जा हैदराबादला." तुम्ही काही गेला नाहीत. मी जाऊन आले, आणि तुमच्या त्या एका प्रश्नाचं उत्तर द्यायला बसलेय.

मी रिटायर झाले हे तुम्हाला माहीत नाही. नर्सबाई म्हणून खेडोपाडी सायकल हाणून गुडघे कुरकुरायला लागले, मग शेवटी शेवटी स्कूटी घेतली. पोरगं हिंगोलीतच असतं, आपल्याजवळ, चांगलं आहे, पण फार काळजी करतं. हैदराबादला सायकलवर हिंडणार म्हटल्यावर कपाळावर हात मारून घेतला त्यानं. "आई, गाडी करून देतो, चांगलं हॉटेल बघतो, ह्या वयात हे काय काढलंस?" मी म्हटलं, तुझं हॉटेल तुला लखलाभ. स्लीपरचं तिकीट काढलं, ज्वारीच्या भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधला, आणि काचीगुडा स्टेशनजवळच्या एका धर्मशाळेत खाट घेतली. तिथं ढेकूण नव्हते, पंखा फिरत होता, शेजारच्या खाटेवरच्या बाईचं घोरणं सोडलं तर मला काही तकलीफ झाली नाही.

पण आधी त्या पाराचं. तुम्हाला ते आठवायला आवडणार नाही, तरी लिहिते. मी तिसरीत का चौथीत असेन. तुम्ही जवळा बाजारच्या जिनिंगला निघालात की मला मागं कॅरिअरवर बसवायचा, शाळेपाशी सोडायचा. वस्तीतून निघालं की वळणावर मोठ्या घरापुढचा पार लागतो. त्यावर चारपाच जण बसलेले असतात, एकाचा पाय दुसऱ्या मांडीवर, तोंडात तंबाखू. पार जवळ आला की तुम्ही ब्रेक लावता, खाली उतरता, हँडल धरून चालायला लागता. मी मागं बसलेलीच. पार मागं पडला, लिंबाचं झाड आलं की पुन्हा टांग मारता. पावसात, उन्हात, जिनिंगचा भोंगा होऊन गेलेला असला तरी. मी विचारते, "आबा, काहून उतरता हो इथं?" तुम्ही म्हणता, "चेन ढिली हाय." रोज तीच चेन, रोज तिथंच ढिली.

मला त्या चेनीची काळजी लागली होती, आबा. माझा बाप रोज उशिरा पोचतो, मुकादमाचं ऐकून घेतो, आणि एक चेन कुणी घट्ट करून देत नाही! एका बाजारच्या दिवशी तुम्ही हळद बघायला गेलात, तेवढ्यात मी तुमची सायकल ढकलत सायकलवाल्या चाचांच्या दुकानात नेली. सायकल माझ्याहून उंच होती. चाचांनी ती उलटी केली, हातानं पायडल फिरवलं, चेन सरसर पळाली. "बराबर हाय की बेटा. कोन म्हनलं ढिली हाय?" मी म्हटलं, आबा म्हणतेत, पारापाशी रोज ढिली होते. चाचा माझ्याकडं बघतच राहिले. मग त्यांनी पाना घेतला, चाक थोडं मागं ओढलं, चांगलं भरपूर तेल सोडलं. "जा, आता आयुष्यात ढिली होत न्हाई," म्हणाले. माझी छाती फुगली. तुम्हाला मी सांगितलं नाही. सकाळी गंमत करायची होती मला.

सकाळी पार आला. तुम्ही ब्रेक लावला तशी मी मागून ओरडले, "आबा, उतरू नका! चेन बराबर करून आणली म्या!" सगळा पार आपल्याकडं बघायला लागला. तुमचा एक पाय पायडलवर, एक जमिनीला टेकलेला. किती वेळ तसेच राहिलात कोण जाणे, मला तर लई वेळ वाटला. पारावरचा एक जण खो खो हसला. मग तुम्ही उतरलात. लिंबाचं झाड आलं, गेलं, तुम्ही बसला नाहीत. जवळा बाजारपर्यंत मला कॅरिअरवर बसवून चालत गेलात, आणि शाळेपाशी मला खाली घेताना एवढंच म्हणालात, "रस्त्यानं मोठ्यांदा बोलत जाऊ नको." तुमचं एवढं एकच रागावणं मला आयुष्यभर पुरलं.

संध्याकाळी मी चुलीपुढं आईजवळ जाऊन बसले. ती भाकरी थापत होती. मी म्हटलं, चेन तर चाचांनी बराबर केली, मग आबा काहून उतरले? आईनं भाकरी तव्यात टाकली, वरून पाणी फिरवलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "तिथनं आपल्या वस्तीतलं कोनी सायकलीवर बसून जात न्हाई. चेनीला काय धाड भरलीय? पह्यल्यापासून तसंच हाय. बापाला पुन्हा इचारू नको." वस्तीतला प्रत्येक बाप तिथं उतरत होता आणि प्रत्येक बाप लेकरांना काहीतरी सांगत होता. कुणाची हवा कमी, कुणाचा ब्रेक खराब. मला त्या पाराचा असा संताप आला की विचारू नका. आणि तुमचाही आला. आज सांगते, तुमचा जास्त आला.

आठवीत गेले तेव्हा तुम्ही लेडीज सायकल आणलीत, जुनीच, पण हिरवा रंग मारून. गावात मुलीला सायकल म्हणजे तमाशाच. तुम्ही ती वस्तीच्या टोकाला नेलीत, माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "तू उतरायचं न्हाई. कोनी काही म्हनलं तर माझं नाव सांग." मी निघाले. पारापुढून जाताना हँडल वाकडंतिकडं होत होतं, पण मी उतरले नाही. कुणीतरी तंबाखूची पिंक टाकली. बास. एवढ्यासाठी इतकी वर्षं? लिंबाखाली थांबून मी मागं बघितलं, तर तुम्ही आपली सायकल हातात धरून पारापुढून चालत येत होता. लेकीला बसून जाऊ दिलं आणि स्वतः उतरलात!

त्यानंतर मी एकटी असले की कधीच उतरले नाही. नर्सबाई झाल्यावर तर मुद्दाम घंटी वाजवत जायची. पण तुम्ही संगट असलात की उतरायची. बाप चालतोय आणि लेक सायकलवर, बरं दिसत नाही, म्हणून. मग पारावरचे ते म्हातारे एकेक करून गेले, मोठं घर विकलं गेलं, पारावर कुत्री झोपायला लागली, तरी तुम्ही उतरतच राहिलात. एकदा मी चिडून म्हटलं, "आता कोन बसलंय तिथं? कुत्र्याला भिता का?" तुम्ही हसलात. "पाय आपोआप उतरतेत गं. आता त्यांना कोन समजावून सांगावं?"

म्हणून हैदराबादला जाताना मी मनाशी ठरवून गेले होते, आबा. दिवसभर सायकलवर, आणि कुणापुढं उतरायचं नाही. तुमच्या वाटणीचं. स्टेशनजवळ एक सायकलवाला भाड्यानं सायकली देतो. मला बघून म्हणाला, "अम्मा, ऑटो कर लो ना, कायकू तकलीफ?" मी आधार कार्ड त्याच्या हातात ठेवलं आणि माझ्या हिंदीत म्हटलं, ऑटोमें बैठनेकी हौस नहीं है. काळी जुनी सायकल, सीट जरा खाली करून घेतली, आणि निघाले. सकाळी तळ्याकडं गेले. रस्ता रुंद, वारा गार, बसवाले अंगावर येतात तेवढं सोडलं तर राज्य आपलं. पहिलाच सिग्नल लागला आणि पाय टेकवायची वेळ आली. आता हे उतरणं धरायचं का नाही? मी तिथंच तुमच्याशी वाद घातला. शेजारी मोठी चारचाकी उभी होती, तीही थांबली होती. जिथं सगळेच थांबतात ते धरायचं नाही, असं मी ठरवलं, आणि हिरवा दिवा लागला तसं पुन्हा पायडल मारलं.

दुपारी धर्मशाळेत भाकरी खाऊन कोठी नावाच्या भागावरून नदीवरचा नया पूल ओलांडला आणि जुन्या शहरात शिरले. नदीला वास येतो, तुमच्या स्वप्नातल्या हैदराबादला बहुतेक येत नसावा. सगळीकडं आपल्याकडच्यासारखीच हिंदी कानावर पडते, बाजारच्या दिवशी जवळ्यात ऐकू येते तशी. दिवसभर मी तुम्हाला एकेक दाखवत चालले होते. आबा, हे बघा अत्तरवाले. आबा, ही बांगड्यांची गल्ली, आईला घेऊन यायला पाहिजे होतं. चारमिनारपाशी गाड्या बंद आहेत, तिथं सगळ्यांनाच चालत जावं लागतं. आमदार आला तरी चालतच. मी सायकल हातात धरून खुशाल चालले. मान वर करून मिनार बघितले, बघून झाल्यावर पुन्हा टांग मारली.

परत येताना वाट चुकले. एका बारक्या गल्लीत शिरले. तिथं चहाचं हॉटेल, बाहेर दगडी ओटा, आणि ओट्यावर चारपाच म्हातारे बसलेले. एकाचा पाय दुसऱ्या मांडीवर. मी काही विचार केला नाही, आबा. घाबरले नाही, काही आठवलं नाही. ब्रेक दाबला गेला, पाय खाली आले, आणि मी हँडल धरून त्यांच्यापुढून चालायला लागले. अर्ध्यात आल्यावर कळलं मी काय करतेय. आणि मग काही केल्या पाय पुढं जाईना. भर गल्लीत खांबासारखी उभी.

पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा म्हणाला, "क्या हुआ बेटी? कायकू उतरे?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "चेन ढीली है."

तो काठी टेकत उठला, खाली वाकला, एका बोटानं चेन दाबून बघितली. "चेन तो बराबर है," म्हणाला. मग हात झटकले, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "बैठो. बैठ के जाओ."

आबा, आपल्या पारावरच्या एकानं, कधीतरी, नुसता एवढा एक शब्द तुम्हाला म्हटला असता! त्यांचं काय गेलं असतं? मला तिथंच रडू आलं. म्हातारा बिचारा घाबरला, आतून पाणी मागवलं, बसायला जागा केली. मी ओट्यावर त्यांच्यात बसले, पाणी प्याले, चहा प्याले, आणि मग त्यांच्या देखत सायकलवर बसून निघाले.

धर्मशाळेत आल्यावर आधी मी स्वतःवर फार चिडले. एवढ्या लांब येऊन, म्हातारपणी, तेच केलं. मग हळूहळू उमगलं. एकटी असताना मी कधी उतरले नव्हते, एकदाही नाही. उतरायची ती तुमच्यासंगट असले तरच. आणि त्या दिवशी सकाळपासून मी तुमच्याशीच बोलत होते. तुम्ही उतरलात, म्हणून मी उतरले. आणि तो "बैठो" म्हणाला तो आपल्या दोघांना. असं मी धरून चाललेय, तुम्हाला पटो न पटो.

हे कागद घरात कुठं ठेवावेत हा प्रश्नच आहे. पोराच्या हाती लागून चालायचं नाही. त्याला मी ऐटीत सांगितलंय की तुझी आई दिवसभर हैदराबादेत हिंडली आणि कुठंच उतरली नाही. त्यानं ते सगळ्या नातेवाइकांना सांगितलं. तुम्हाला तेवढं खोटं सांगवेना. उतरले मी, एकदा. आणि चेन बराबर होती, आबा.