चार बोटं मोगरा

सांगली, मंगळवार

ती. राजमतीअक्का,

जय जिनेंद्र. दाजींना नमस्कार, आणि तुझ्या डाव्या गुडघ्याला वेगळा नमस्कार, कारण कराडहून येणाऱ्या प्रत्येक फोनात आधी त्याची खुशाली कळते आणि मग वेळ उरला तर तुझी. इकडं आम्ही सगळे सुखरूप आहोत. सुखरूप म्हणजे, आज एकोणीस दिवस झाले, माझ्या उजव्या कानात हरभऱ्याच्या डाळीचं पीठ आहे. रोज थोडं निघतं आणि रोज तेवढंच नव्यानं जातं. या अन्यायाची दाद कुठं मागायची, ते मला समजलेलं नाही. महापालिकेत नळाच्या तक्रारीची वही आहे, गटारीच्या तक्रारीची आहे, कानाची नाही. शेवटी डॉक्टरकडं गेलो. त्यांनी कानात बॅटरी मारली, बराच वेळ आत बघितलं आणि विचारलं, “भजी तळताना पडलात का?” बावन्नाव्या वर्षी माणसानं हे ऐकावं! आणि अक्का, नीट विचार केला तर या पिठाची जबाबदारी शेवटी तुझ्यावर येते. कशी ते सांगतो. (फोनवर सांगितलं असतं, पण आमच्या घरात फोनवर एकटा बोलतो आणि बाकीचे सगळे ऐकतात.)

तुला ठाऊकच आहे, यंदा आर्यिका माताजींचा चातुर्मास आमच्या पेठेतल्या मंदिरात आहे. आल्या त्या आठवड्यातच त्यांनी सगळ्यांना सांगितलं, दिवाळीपर्यंत एक गोष्ट सोडा, छोटी असली तरी चालेल, पण पाळा. शेजारच्या सम्मेदनं चहा सोडला. (तेव्हापासून तो समोरून आला की लोक दुसऱ्या गल्लीनं जातात.) आमच्या प्रीतीच्या आईनं सुगंधी वस्तू सोडल्या. साबण, पावडर, केसाचं तेल, क्रीम, गजरा, झाडून सगळं. मी डोकं चालवलं. मीपण सुगंधी वस्तूच सोडल्या. कारण मी विचार केला, आपण पुरुषमाणूस, आपण कुठं सुगंध वापरतो? न वापरलेली वस्तू सोडणं हा मला फार सोयीचा त्याग वाटला. माझ्याजवळ अंघोळीला होती ती फक्त तू दिलेली पातळ साबणाची बाटली.

आठवते का ती? दोन वर्षांपूर्वी भाऊबीजेला दिलेली. काळीकुट्ट, खांद्यात रुंद, वर दात विचकणारा लांडगा. तिच्यावर काय लिहिलंय ते मी तुला तोंडपाठ सांगतो, कारण गेला महिनाभर मी दुसरं काही वाचलेलं नाही. ‘पुरुषांसाठी. समुद्री वादळाची ताकद. सोळा तास संरक्षण. सज्ज व्हा.’ मी सज्ज होत होतो. कशासाठी, ते दोन वर्षांत कळलं नाही. मी मार्केट यार्डात हळदीची अडत चालवतो. सोळा तासांत माझ्यावर चाल करून येतात ते फक्त हळदीवाले शेतकरी, आणि ते बाटलीला भीत नाहीत. समुद्राचं म्हणशील तर सांगलीकराला पाण्याचं कौतुक कुणी सांगू नये. महापुरात दुकानात दुसऱ्या फळीपर्यंत पाणी होतं. त्याचा वास मी आठ दिवस घेतला आहे आणि तो कुणी बाटलीत भरून विकेल असं मला वाटत नाही. पण सांगायचा मुद्दा हा की त्या बाटलीवर सुगंध हा शब्द कुठं म्हणजे कुठंच नव्हता. ताकद होती, ऊर्जा होती, कोळसा होता, प्रहार होता. आणि प्रीतीच्या आईची बाटली बघ. गुलाबी, कमरेत बारीक. ‘मोगऱ्याच्या पाकळ्यांचा हळुवार सुगंध. दुधाचा मऊपणा. स्वतःसाठी दोन क्षण.’ म्हणजे तिनं अंघोळ केली की ती सुगंधी होते आणि मी केली की सशस्त्र होतो. आता तूच सांग, यातली सुगंधी वस्तू कुठली?

नियम घेतला त्या दिवशी तिनं ती गुलाबी बाटली न्हाणीघरातल्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली आणि आत जिथवर होतं तिथं बॉलपेननं बाहेरून एक रेघ मारली. म्हणाली, दिवाळीला इथून पुढं. मी माझी काळी बाटली खाली हाताशी ठेवली. तीन आठवडे असे गेले. माताजी एकदा प्रवचनात म्हणाल्या की काहींना नियम जड जातो, आणि काहींच्या चेहऱ्यावर बघा, ताण म्हणून नाही. सगळ्यांनी वळून माझ्याकडं बघितलं. माझ्या चेहऱ्यावर खरंच ताण नव्हता. मी मान खाली घातली, ती नम्रतेनं घातल्यासारखी दिसली असावी.

आणि मग चौथ्या आठवड्यात प्रीतीच्या आईनं फळी पुसायला बाटली उचलली, तर आतलं रेघेच्या खाली चार बोटं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं फळी पुसली आणि बाटली परत वर ठेवली. संध्याकाळी भांडी आवरताना एवढंच म्हणाली, “माझाच हात गेला असणार. तीस वर्षांची सवय. पहाटे डोळे कुठं उघडे असतात.” मी म्हटलं, असं कसं होईल. ती म्हणाली, “हातावर भरवसा नसेल तर नियम कशाला घ्यायचा?” दुसऱ्या दिवशी तिनं उपवास केला. आपल्याकडचा उपवास, साबुदाण्याचा नव्हे, उकळून गार केलेल्या पाण्यावरचा. तिची शुगर तुला माहीत आहे. दुपारी भिंतीला धरून उठली. आणि वर जाहीर केलं की दिवाळीपर्यंत प्रत्येक चतुर्दशीला असाच करणार. पुढची चतुर्दशी सहा दिवसांवर होती.

म्हणून मी तपास हातात घेतला. अक्का, बढाई नाही, पण या नाकावर मी तीस वर्षं धंदा केलाय. डोळे बांधून राजापुरी आणि सेलम हळद वेगळी सांगतो, पोत्याला ओल कुठल्या कोपऱ्यात लागली ते सांगतो. मोगरा शोधायला कितीसा वेळ? आणि खरंच, शोधायला लागलो तर मोगरा सगळीकडं! दिवाणखान्यात मोगरा. जिन्यात मोगरा. माझ्या गाडीत मोगरा, यावरून चोर गाडीही वापरतो असं कळलं. अंजना धुणं-भांडी करायला येते, तिची बादली हुंगताना मी सापडलो. “आवं अण्णा, ती बादली हाय, हळदीचं पोतं न्हवं,” एवढं बोलून तिनं बादली पलीकडं नेली आणि दोन दिवस माझ्या खोलीत झाडू मारला नाही. सगळ्यात जास्त वास न्हाणीघरात यायचा, तोही माझी अंघोळ झाल्या झाल्या. यावरून मी निष्कर्ष काढला की चोर माझ्या आधी अंघोळ करतो. म्हणून दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी उठून अंघोळ केली. तरी वास होताच! मग निष्कर्ष बदलला: चोर आदल्या दिवशी अंघोळ करतो.

यार्डात आमच्या हमालांचा मुकादम मानसिंग, कडेगावकडचा. त्यानं तर मला तीनदा सांगितलं होतं, हे आता आठवतं. पोतं खाली टाकून नाक वर करायचा आणि म्हणायचा, “अण्णा, घरात पूजा हाय व्हय आज? लय ग्वाड वास येतुया.” मी त्याला म्हटलं, तुला येतो ना? तेच मी म्हणतोय, घरात चोर आहे. तो म्हणाला, “आसंल बा,” आणि पोतं उचलून गेला.

चतुर्दशीच्या आदल्या दिवशी नाश्त्याला मी सगळ्यांना बसवलं. सगळे म्हणजे प्रीतीची आई आणि प्रीती. (ती बी. फार्मच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि घरातल्या प्रत्येक डबीची मागची बाजू वाचते. गोष्टीची पुढची बाजू वाचायचं तिनं सोडूनच दिलंय.) मी म्हटलं, एक व्यक्ती आपल्या आईला उपाशी ठेवतेय आणि तिला लाज नाही. खरं बोलून टाक. प्रीतीनं पोह्यातला शेंगदाणा बाजूला काढला आणि म्हणाली, “पप्पा, ती व्यक्ती तुम्ही.”

तर झालं होतं असं. तू दिलेला लांडगा दोन महिन्यांतच संपला. तशीच नवी बाटली आणायला प्रीतीची आई दुकानात गेली, किंमत बघितली, तिची स्वतःची दुप्पट मोठी बाटली त्याहून स्वस्त होती ते बघितलं, आणि परत आली. तेव्हापासून काळ्या बाटलीत ती गुलाबीतलं ओतत होती. दोन वर्षं! मला कळलं नाही, कारण मी चष्मा काढून अंघोळ करतो. कधी हातावर गुलाबीसर दिसलं तर वाटायचं, समुद्रावर पहाट झाली की पाणी असंच दिसत असेल. यंदा नियम घेतल्यावर तिनं ओतणं बंद केलं, पण प्रीतीला सांगायचं राहिलं. प्रीतीला माहीत होतं ते एवढंच, की पप्पांची संपली की वरच्यातली भरायची. पोरगीनं इमानानं भरली, आणि वरचं कमी झाल्याचं त्या सकाळपर्यंत तिला कुणी सांगितलं नव्हतं. आईनं सोडलेला मोगरा बापानं लावला, तोंडावर लांडगा ठेवून.

प्रीतीची आई आधी हसली. इतकी हसली की तिला ठसका लागला. मग डोळे पुसत म्हणाली, “म्हणजे माझा हात नव्हता.” आणि पुन्हा तेच, जरा हळू, “माझा हात नव्हता तर.” मी पोह्यांची बशी बाजूला सारली.

तिघंही माताजींकडं गेलो. मी वाटेत मुद्दे काढून ठेवले होते. म्हटलं, माताजी, मी नियम मोडला असं म्हणता येणार नाही. बाटलीवर सुगंध हा शब्द नाही. ताजेपणा आहे, संरक्षण आहे. मी संरक्षण घेत होतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, “वास येतो का?” मागून चहाविना तुटलेला सम्मेद बोलला, “येतो माताजी. मोगऱ्याचा. मी रोज यांच्या पाठीमागं बसतो. मला वाटलं, यांच्या त्यागाचाच दरवळ असेल.” सगळं मंदिर हसलं. माताजीसुद्धा. मग म्हणाल्या, आजपासून नव्यानं सुरू करा. मी विचारलं, आणि प्रायश्चित्त? त्या म्हणाल्या, “या चुकीचा उपवास तुमच्या घरात आधीच झालाय. कुणी केला ते बघा.”

त्या दिवसापासून अंघोळीला साबणाऐवजी पीठ. त्याआधी मी बिनवासाचा साबण शोधला, नाही असं नाही. तीन दुकानं पालथी घातली. पुरुषांच्या फळीवर वादळ, वणवा, पोलाद आणि दोन जातींचे वाघ. बायकांच्या फळीवर केशर, कमळ, चांदणं. दुकानदाराला म्हटलं, काहीच वास नसलेलं दाखवा. त्यानं आवाज खाली करून विचारलं, “घरात कोण आजारी हाय?” मग तान्ह्या बाळांच्या फळीकडं नेलं, तर त्यालाही वास, आणि वर एक हसरं बदक. मला काही समजत नाही, अक्का. प्रीतीनं दोन्ही बाटल्यांची मागची बाजू वाचून दाखवली. लांडगा आणि मोगरा दोघांचा पत्ता एकच, शिरवळजवळचा, एकाच कारखान्याच्या गेटाचा. म्हणजे एका घरची भावंडं, आपल्यासारखीच. एकाला काळा सदरा घालून सांगितलं गुरगुर, दुसरीला गुलाबी नेसवून सांगितलं लाज. आपले दादा आठवतात का लग्नसराईत? भरघोस मिशा, डोक्याला फेटा, आणि कानात हिना अत्तराचा फाया. यार्डातला कोण माईचा लाल त्यांना बायकी म्हणाला होता? बापाच्या कानात हिना आणि लेकाच्या कानात डाळीचं पीठ. पिढी पुढं गेली की मागं, हे तूच ठरव. मला गोंधळ सोसवत नाही, त्यात एक कान बुजलेला.

गुडघ्याला तेल लावत जा (वासाचं लाव, तुझा काही नियम नाही). दाजींना सांग, यंदा हळद चांगली आहे, आणि हे मी नाकानं सांगत नाही, डोळ्यांनी सांगतोय.

तुझा धाकटा,
जवाहर

ता. क. : खरं काम राहिलंच. येत्या भाऊबीजेला लांडगा आणू नकोस. तोवर नियम संपलेला असेल, आणि कबूल करायला हरकत नाही की दोन वर्षांत मोगरा माझ्या अंगी लागलाय; मानसिंगलाही आवडतो. तेव्हा गुलाबीच आण. पण प्रीतीच्या आईनं यापुढं भरून देणार नाही म्हणून सांगितलंय, आणि संध्याकाळी अंगावरची हळद धुवायला यार्डातल्या न्हाणीत गुलाबी बाटली घेऊन जाण्याइतका मी अजून सुधारलेलो नाही. म्हणून सोबत काळी बाटली रिकामी करून, धुऊन पाठवतोय. तेवढं तिच्यात ओतून आण. झाकण घट्ट लाव.

ता. क. दुसरा : आज साधा मंगळवार आहे. ना अष्टमी, ना चतुर्दशी, त्यामुळं कुणाला संशय यायचं कारण नाही. एकोणीस दिवस उपवासाचं उद्या-उद्या करत होतो. सकाळी पोट बिघडल्याचं सांगितलं आणि ताटावर बसलो नाही. प्रीतीच्या आईनं दोनदा ओवा आणून दिला, दोन्ही वेळा तिच्यासमोर तोंडापर्यंत नेला आणि ती वळल्यावर खिशात टाकला. हे पत्र वाचून झाल्यावर फाडून टाक, तिला कळवू नकोस. दिवस मावळला की आमच्याकडं कुणी जेवायला बोलवत नाही, आणि आता फक्त समोरच्या गच्चीवर थोडं ऊन उरलंय. ते गेलं की तिचा एक आणि माझा एक.