काटा खाली आला तरी

मंगळवार, संध्याकाळ

घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये गाडी आज पुन्हा तापली. काटा पार लाल रेघेवर. कडेला घेऊन बॉनेट उघडलं, तर शेजारचा रिक्षावाला ओरडला, "आजोबा, झाकणाला हात नका लावू! भाजाल!" मग उतरूनच आला. इंजिन निवेपर्यंत गप्पा. शाळेतल्या कवितेची एक ओळ मी म्हटली, पुढची त्याने! ही गेल्यापासून माझी ओळ कुणी पुढे नेली नव्हती. तो गेला. काटा खाली आला, तरी मी तिथेच बसून.

घरी येतो तो मेकॅनिकचा फोन. "काका, रेडिएटरचा पंखा आलाय. उद्या गाडी टाका, परत तापणार नाही."

"उद्या जमणार नाही," म्हणून मोकळा झालो. उद्या मला कसलं काम आहे? पण न तापणाऱ्या गाडीपाशी थांबणार कोण?