वादळात म्हटलेलं त्रिसरण

बोर्ली पंचतन
शनिवार

प्रिय बाबा,

तुम्हाला आणि आईला मनापासून जयभीम. टॉवर पडल्यामुळे फोन लागत नाही, म्हणून नागपूरला निघालेल्या आमच्या एका सरांजवळ हे पत्र देते आहे. मी सुखरूप आहे, जेवतेही वेळेवर. आईचे गुडघे कसे आहेत?

बुधवारी दुपारी चक्रीवादळ आलं, तेव्हा गावातली साठ माणसं आमच्या शाळेत होती. माझ्या शेजारच्या ठमाबाई गावदेवीला हाका मारत होत्या. मला म्हणाल्या, "बाय, तू बी तुझ्या देवाला सांग."

"आमच्यात देव नाही, आजी."

"मग कुणालाबी सांग, पर गप बसू नको."

तेवढ्यात पत्रे उडाले. मुलांना बाकांखाली ढकललं आणि मी मोठ्याने त्रिसरण म्हणू लागले, बुद्धं सरणं गच्छामि. ठमाबाईंनी माझा हात सोडला नाही. सगळे वाचले, ठमाबाईंचं घर मात्र गेलं.

अजून जरा वारा सुटला की मी खोलीबाहेर येऊन आभाळ बघत राहते.

बाबा, वंदनेत काही मागायचं नसतं, असं तुम्ही शिकवलंत. त्या दिवशी मी प्रत्येक ओळीनंतर मागत होते, ही मुलं राहू देत म्हणून. कुणाकडे, ते मलाच कळलेलं नाही. माझं चुकलं का, तेवढं कळवा.

तुमची,
क्रांती