पाच घरची लेकरं

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार. देवणी

सकाळी कंधारहून निघाले, उदगीरला गाडी बदलली, दोन वाजता पोचले. स्टँडवर उमाशंकरअण्णा स्वतः आले होते. बॅग त्यांनीच उचलली. खाली बी-बियाणांचं दुकान, वर घर. नवंकोरं आहे, रंगाचा वास अजून येतो. जेवायला शेंगापोळी होती. अण्णांच्या आई, रत्नम्मा, यांना सगळे अव्वा म्हणतात. मी कुणाची, लग्न का नाही केलं, सगळं विचारून झालं. मी तीनदा हात धुतले तेव्हा म्हणाल्या, "एवढं घासतीस, नवरा केलास तर झिजून जाईल की गं."

काम सोपं आहे. अण्णांचं बाळ साडेचार महिन्यांचं. रक्तात लढणाऱ्या पेशी जन्मापासूनच नाहीत. आपल्याला ज्या विषाणूने दोन दिवस नाक गळतं, तो त्याला पुरेसा आहे. ५ मार्चला हैदराबादला त्याला वडिलांचा बोन मॅरो देणार. तोवर तीस दिवस त्याला काही होऊ द्यायचं नाही. दवाखान्यातल्या चाळीस खाटांपेक्षा हे बरं. एकच बाळ.

६ फेब्रुवारी, गुरुवार

बाळाच्या खोलीला एकच दार. बाहेर चपला, आत साबण, मास्क, अंगरखा. आत फक्त मी आणि त्याची आई वर्षाराणी. अव्वा दारातून बघतात. अण्णा दुकानातून आले की आंघोळ करून दारात उभे राहतात, बाळाकडे बघून चुटकी वाजवतात आणि परत जातात.

बाळ हसरं आहे. माणसं डोळ्यांवरून ओळखतं. माणसाला खाली नाक-तोंड असतं हे त्याला माहीत नसावं.

बाळाच्या गळ्यातलं इष्टलिंग मी रोज स्पिरिटने पुसते. अव्वा दारातून म्हणाल्या, "देवाला बी एक इंजेक्शन देऊन टाक." वर्षाराणी हसली. मी आल्यापासून पहिल्यांदा.

११ फेब्रुवारी, मंगळवार

वजन साडेपाच किलो. ताप नाही.

फाइलवर 'बेबी ऑफ वर्षाराणी' असंच लिहिलंय. नाव ठेवलेलं नाही. आधीच्या दोघांची ठेवली होती. मुलगा सर्दीने गेला, पाचव्या महिन्यात. मुलगी जुलाबाने, सातव्यात. तेव्हा कुणालाच कळलं नाही. तिसऱ्याच्या वेळी हैदराबादच्या डॉक्टरांनी सांगितलं की खोट दोघांकडून आली आहे. अण्णा वर्षाराणीचे सख्खे मामा. अव्वा तिची आजी, आणि सासूही. डॉक्टरांनी कागदावर वंशाचं झाड काढलं तेव्हा फांद्या परत परत त्याच जागी येत होत्या, असं ती म्हणाली. हे सांगताना ती दुपटी घडी करत होती. एकाच घडीवर बराच वेळ हात फिरवत राहिली.

अव्वांचं म्हणणं वेगळं. ज्या घरी लेकरं टिकत नाहीत, तिथे पाच घरची जगलेली लेकरं बोलवायची, तान्ह्याला एकेकाच्या मांडीवर द्यायचं. पाचही जण आपल्यातलं थोडं आयुष्य देतात. अण्णांच्या वेळी केलं होतं, त्यांच्या आधीची दोन गेली होती. आधीच्या नातवंडांना केलं नाही, कारण सुनेने दवाखाना धरला. मी म्हटलं, ५ मार्चनंतर करा, मीच पन्नास पोरं आणते. त्या उठून कॅलेंडर बघायला गेल्या.

१५ फेब्रुवारी, शनिवार

बाळाच्या रक्ताचा नमुना बर्फाच्या डब्यात घालून लातूरला गेले. अण्णा स्वतःच्या तपासणीसाठी हैदराबादला. दिवसभर घरी वर्षाराणी आणि अव्वा.

परतले तेव्हा पाच मुलं जिना उतरत होती. सगळ्यांच्या तोंडाला मास्क, हातांना साबणाचा वास, कपाळी विभूती. शेजारच्या पिठाच्या गिरणीवाल्या रेवणप्पांची शिवलीला पायरीवर अडखळली, मी तिला उचलून खाली ठेवली. अंग कोमट लागलं. उन्हाचं असेल.

वर गेले. अव्वा म्हणाल्या, "सगळ्यांना आंघोळ घातली, तुझ्याच साबणानं. एकाला बी खोकला न्हाई. मी येडी हाय का?" मी ओरडले. वयाने एवढ्या मोठ्या बाईवर ओरडले. वर्षाराणी मध्ये आली. दार अव्वांनी नाही, तिने उघडलं होतं. म्हणाली, "सिस्टर, दोन पोरं मी तुमच्या पद्धतीनं घालवलीत."

बाळ झोपलं होतं. ताप नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

रेवणप्पा सकाळी आले. वर आले नाहीत, खालूनच सांगितलं. शिवलीलेला कांजिण्या निघाल्या, काल संध्याकाळपासून. त्यांनी लिंबाचा पाला बांधलाय. अव्वा खुर्चीत बसल्या त्या दुपारपर्यंत उठल्या नाहीत.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

हैदराबादच्या डॉक्टरांशी बोलले. पुरळ उठायच्या आधी दोन दिवस मूल विषाणू पसरवतं, मास्क पुरत नाही. बाळ किती वेळ मांडीवर होतं, विचारलं. वर्षाराणी म्हणाली, "लिंगाष्टक संपेपर्यंत. पाच वेळा."

एक इंजेक्शन आहे, दुसऱ्यांच्या रक्तातली तयार ताकद. वेळेत मिळालं तर आजार टळू शकतो, नाहीतर लांबतो. पण आता बाळाला वॉर्डात घेता येणार नाही. तिथे अशीच अकरा मुलं आहेत. अठ्ठावीस दिवस वाट पाहायची. १५ मार्चपर्यंत पुरळ नाही, तर १७ला या.

डॉक्टरांनी विचारलं, खोलीत जाणाऱ्यांपैकी कुणाला कांजिण्या होऊन गेल्यात? वर्षाराणीला सातवीत. मला लहानपणी, कंधारला. पाल्यावर निजवलेलं आठवतं. तसं सांगितलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

अण्णांनी इंजेक्शन आणलं. उदगीरचे डॉक्टर घरी येऊन देऊन गेले. पाचवा दिवस. अण्णांनी कुणालाच काही विचारलं नाही. आईलाही नाही. अव्वांचं ताट तसंच परत गेलं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

दहावा दिवस. आजपासून कधीही.

दर दोन तासांनी सगळे कपडे काढून बघते. मानेच्या वळ्या, काखा, केसांत. वर्षाराणी टॉर्च धरते. डास चावला होता, आम्ही दोघी तासभर त्या ठिपक्याकडे बघत होतो.

काही नाही.

१ मार्च, शनिवार

चौदावा. काही नाही.

आईला फोन केला, सहज. विषय निघाला म्हणून कांजिण्यांचं विचारलं. ती म्हणाली, तुला कुठं, ताईला निघाल्या होत्या. तुला तर आजोळी धाडलं होतं, आल्यावर ताईनं तिखटमीठ लावून सांगितलं, तेच तू धरून बसलीस.

मी पाला आठवतेय. पाल्याचा वास आठवतोय.

कंबर दुखते. बसून बसून असेल.

२ मार्च, रविवार

पहाटे ताप. १००.४.

बाळ काल दिवसभर माझ्या खांद्यावर होतं.

अण्णांना सांगितलं. सगळं सांगितलं. ते म्हणाले, "ठीक हाय, सिस्टर." इतकंच. गच्चीवरच्या खोलीत आले. समोर बाळाची खिडकी, मध्ये सहा हात मोकळी जागा. दोन्ही काचा बंद.

डॉक्टर म्हणाले, आता मोजणी पुन्हा. आजपासून.

३ मार्च

पोटावर तीन. दुपारी मोजता येईनात.

५ मार्च

आजची तारीख होती.

अव्वा जेवण दाराशी ठेवतात. आज गेल्या नाहीत. दारापलीकडून म्हणाल्या, "शिल्पा, मी बी पाच आणले, तू बी सहावी झालीस." शिवी दिली असती तर बरं होतं. नंतर त्या तिथेच बसून रडल्या. मी इकडे.

८ मार्च

वर्षाराणी एकटीच. दर दोन तासांनी काचेशी येते, मान हलवते. नाही.

झोपते कधी, कळत नाही.

१० मार्च

नाही. नाही. नाही. दूध कमी पितोय, असं फोनवर म्हणाली. उदगीरचे डॉक्टर बघून गेले. छाती साफ.

माझ्या खपल्या पडत नाहीत. चार उरल्यात. त्या पडल्याशिवाय —

१२ मार्च

दहा वाजता ती काचेशी आली. बाळ हातावर. झबलं वर केलं, उजेडाकडे धरलं.

एक बोट दाखवलं.

मी खुणेने विचारलं, पाणी भरलंय का. तिने मान हलवली. हो.

शिवलीलेपासून पंचविसावा दिवस. माझ्यापासून दहावा. दोन्हीत बसतं. कुणाकडून आलं, कधीच कळणार नाही.

डॉक्टर म्हणतात लगेच निघा, वेगळी खोली करतो. अण्णा खाली गाडी काढतायत. सात तास. मला जाता येत नाही. वाटेत द्यायच्या औषधाचं माप कागदावर लिहून काचेवर धरलं, ती वाचत नाहीये, ती बाळाला उलटं करून पाठ —

दोन बोटं.

चार.

केसांत पण. अव्वा आत आल्या, मास्क नाही, कुणी अडवलं नाही. वर्षाराणीने बाळ त्यांच्याकडे दिलं. दोन्ही हात मोकळे केले. माझ्याकडे बघून बोटं वर करतेय, सगळी, मिटते, पुन्हा सगळी, मिटते, पुन्हा —