दशम्या कोणासाठी

माय, आज नातवाची शाळेची सहल होती. डब्यात हे नको, ते नको करून त्यानं सूनबाईला अगदी हात टेकायला लावले. मी मधे पडले नाही. तुला लिहायला बसले.

दादाची खाण्याची नाटकं तुला नव्यानं सांगायला नकोत. फोडणीतली मोहरी वेचून ताटाच्या कडेला लावणारा, लसणाच्या वासानं पानावरून उठणारा पोरगा, आणि निघाला होता सरहद्दीपल्याड, वऱ्हाडातल्या कॅम्पात, निजामाच्या राज्याविरुद्ध लढायला. मिसरूडही धड फुटलं नव्हतं. बाबा गेल्यापासून घरात तुझाच शब्द चालायचा, पण या बाबतीत त्यानं ऐकलं नाही. शिदोरी बांधायची आणि गप्प राहायचं, एवढंच तुझ्या हाती उरलं. तू धपाटे करणार होतीस. धपाटे घरोघरी न्याहारीला होतात, कोणी विचारत नाही. तर हा म्हणतो, "लसूण हाये त्याच्यात. दशम्या दे." दुधात पीठ मळलं की कोणीतरी गावाला निघालं, हे आपल्या मस्तगड वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही कळायचं. तरी तू मळलंस. लेकाच्या पोटाचा प्रश्न आला की तुझी अक्कल चुलीत जायची, स्पष्टच लिहिते.

आणि नेमकी जमादारीण विरजण मागायला आली. शेजारीण खरी, पण नवरा पोलिसात, आणि गल्लीतली कोणती पोरं पल्याड जातात यावर त्याचाच डोळा. दादा आतल्या खोलीत कपडे बांधतोय. मी चुलीपाशी. ती परातीवर वाकून बघते आहे.

"दुधात मळून राह्यली? कोन चाललं गावाला?"

तुझा हात थांबला नाही. "पोरीला घेऊन चालले मंठ्याला, भावाकडं. पाहुणे येनार हायेत पाह्यला."

"बोलली न्हाई ते कधी."

"ठरल्याबिगर कसं बोलू?"

तिनं माझी हनुवटी धरली. "मंग सकाळी आमचे हे येतील मोटारीपर्यंत. दिवस बराबर न्हाईत, बायामानसांनी एकटं जाऊ न्हाई."

तू बरं म्हणालीस. दुसरं काय म्हणणार होतीस?

उजाडता उजाडता जमादार पुढं, त्याच्या हातात दादाच्या दशम्यांचं गाठोडं, मागं तू आणि लुगडं नेसवलेली मी. "सासरी भी अशीच जल्दी चालजो," तो मला म्हणाला आणि आपणच हसला. त्याच वेळी दादा मागच्या दारानं सरहद्दीकडं, देऊळगावच्या वाटेला लागत होता, आदल्या दिवसाची भाकरी आणि ठेचा घेऊन. मोटार सुटेपर्यंत तू माझं मनगट सोडलं नाहीस. बांगडी रुतली, पण मी काही बोलले नाही. बोलले असते तर तू रडली असतीस, आणि जमादार समोर उभा होता.

दादा सुखरूप पोचला. पोलीस ॲक्शननंतर काळाठिक्कर होऊन परत आला आणि पानात पडेल ते खाऊ लागला, लसणासकट. पण तेव्हा, आपण परतलो की जमादारीण विचारणारच, म्हणून मंठ्यात खरोखरच पाहुणे आणावे लागले. मामानं धावाधाव करून एक स्थळ उभं केलं. त्यांनी मला पसंत केलं. दिवस असे, स्थळ चांगलं, तू हो म्हणालीस. माझी शाळा तिथंच संपली.

संसार वाईट झाला नाही. पण त्या घडीला तुला काहीही सुचू शकलं असतं. कोणी आजारी आहे, कोणी वारलं आहे. सुचले मीच. तो राग मी सासरी घेऊन आले, आणि तुला जाऊन इतकी वर्षं झाली तरी तो आहे. दादाला कधी कळला नाही. तुला कळला असावा, कारण माझ्याकडे आलीस की तू फार दिवस राहत नसायचीस.

हे पत्र धाडायला पत्ता नाही. असता तरी धाडलं नसतं, कारण एक गोष्ट तुला कळू द्यायची नाही. त्या चुलीपाशी तू मला नुसतं विचारलं असतंस, तर मी हो म्हटलं असतं.