काढा म्हणजे औषध नव्हे

१४ ऑक्टो., मंगळ., कॉर्क, आयर्लंड
सासूबाईंचा खोकला हटत नाही. अकोल्याच्या उन्हातून आल्यात, इथली ओल बाधली. डॉ.कडे जाऊ म्हटलं तर मला नाही, संदेशला सांगतात, "तुह्या बायकोले म्हनाव, मी बरी हाय." लग्नाला पाच वर्षं झाली, अजून मी 'तुही बायको'च. माझं नाव मधुरा आहे हो!
शेजारची नोरा स्पेनला गेली. तिचे निवडुंग आपल्या खिडकीत.

१६, गुरु.
दुपारी सा.बा. सोफ्यावर एकट्याच हसत होत्या. "पडद्यावरचे फुलं चालून राह्यले वं." डोळ्यांच्या बाहुल्या एवढाल्या. मग उलट्या. मला वाटलं, स्ट्रोकच. संदेश डब्लिनला. मीच गाडी काढली, थेट हॉस्पिटल.
डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ड्रग्ज वगैरे काही? मी मराठीत: "काही औषध घेतलंत का?" "नाई वं. औषध कायले घिऊ?" मीही शहाणी, तसंच सांगितलं. स्कॅनला नेलं.
शाल आणायला घरी आले तर नोराचा उंच निवडुंग कमरेतून कापलेला. ओट्यावर पातेलं, तळाशी हिरवा काढा. सा.बां.च्या अकोल्याकडे खोकल्याला निवडुंगाचा रस देतात! आणि काढा म्हणजे कुठे औषध?
कुंडीवरच्या नावाचा फोटो काढून पळाले. डॉ.ना हसू आवरेना. यात मेस्कलिन असतं म्हणे, लोक मुद्दाम नशेसाठी घेतात. उतरेल, आम्ही लक्ष ठेवतो. स्कॅन नॉर्मल. देवाचे, डॉ.चे, सगळ्यांचे उपकार. तिथेच रडले.
तेव्हा सा.बां.नी माझा हात धरला. "मधुरा, रडू नको. माह्या पोरापक्षा तू बरी."

१७, शुक्र.
घरी आणलं. खोकला तसाच! संदेश पोट धरून हसतोय. सा.बा. उखडल्या, "निवडुंगच तं होता!"

१९, रवि.
नोरा आली. घाबरत घाबरत सांगितलं. ती म्हणे, फुटेल तो पुन्हा, ग्रँड, म्हणजे काही बिघडलं नाही. सासू कशी आहे ते सांग. संध्याकाळी सूप घेऊन आली. असा शेजार मिळायला नशीब लागतं.

२१, मंगळ.
पोळ्या करताना सा.बा. हळूच: "काय काय बडबडली वं मी त्या दिवशी?"
पडद्यावरची फुलं सांगितली. नर्सला 'लक्षुमी' म्हणाल्या, ते सांगितलं. हसल्या.
"आन् अजून?"
लाटणं थांबलं माझं. माझं नाव घेऊन 'तू बरी' म्हणालात, हे सांगितलं आणि त्या म्हणाल्या, ते नशेतलं, तर?
"एवढंच," म्हटलं.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग "बरं" म्हणाल्या आणि तव्यावरची पोळी उलटली.